सतरा नंबर आणि तीनदा ओढलेले कुलूप

गुरुवार, दुपार

ती. आत्यास,

वाकून नमस्कार केला आहे असे समज. (प्रत्यक्षात करत नाही, कारण गेल्या वेळी मी वाकलो तेव्हा तुझ्या गुडघ्यांमुळे तुला मला उठवता येईना आणि तू उठवल्याशिवाय मी उठेना, आणि आपण दोघेही बराच वेळ तसेच राहिलो होतो.) तब्येत कशी आहे? गुडघ्याला पट्टी बांधतेस का, की ती अजून कपाटातच आहे? डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ सावकाश चालायला सांगितले होते, त्याचे काय झाले? तुझ्या शेजारच्या शिवणवाल्या बाई चष्मा न्यायला दुकानात आल्या होत्या. त्या म्हणाल्या की तू चार महिन्यांत खाली उतरलेली नाहीस आणि भाजीसुद्धा दोरीला टोपली बांधून वर घेतेस. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून लिहितो आहे, चूक असेल तर माफ कर. तुझ्या जिन्याला पायऱ्या अकराच आहेत ना? कठड्याची खालची सळई सुटली होती, ती बसवून घेतलीस का? गॅलरीत सकाळचे ऊन अजून साडेनऊपर्यंत टिकते का, की समोरच्यांनी मजला चढवला? हे सगळे सहज विचारतो आहे.

मी ठीक. दुकान ठीक. मालक मला अजूनही सूतभर अशीच हाक मारतात. (सहा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना मी "सूतभर डावीकडे" असे तेरा वेळा म्हणालो होतो. तेरा हा आकडा मालकांचा, माझ्या मते नऊ.) काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे काम आता पूर्ण माझ्याकडे आहे. आठवीनंतर शाळा सुटली तरी तू रोज दहा ओळी शुद्धलेखन करून घेतलेस, त्यामुळे दुकानातल्या पाट्याही मीच लिहितो. हे पत्रही दोनदा तपासले आहे. तरी चूक सापडली तर खाली रेघ मारून ठेव, भेटीत बघू.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा कुत्री आहे. पत्र खाली ठेवू नकोस. "या घरात चार पायांचं फक्त स्टूल राहील," हे तुझे वाक्य मी विसरलेलो नाही. कुत्री तुझ्या घरात नाही, माझ्या खोलीत आहे, आणि तीही तात्पुरती.

झाले ते असे. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आमच्याकडे चष्म्याची काच बदलायला आल्या. काचेवर नखांचे एकूण चार ओरखडे होते. मी कारण विचारले (आम्हाला विचारावे लागते, त्यावरून काच ठरते), तेव्हा त्यांनी सांगितले की गावाबाहेरच्या एका जुन्या गोदामात त्या आणि आणखी चार-पाच माणसे टाकून दिलेल्या, जखमी कुत्र्यांना सांभाळतात. कुत्री फार, पिंजरे कमी. म्हणून बरे झालेले कुत्रे काही आठवडे कोणाच्या तरी घरी ठेवायचे, त्याला माणसांत राहायची सवय लावायची, आणि मग कायमचे घर शोधून त्याची पाठवणी करायची, अशी पद्धत आहे. तुमची खोली केवढी आहे, असे त्यांनी विचारले. मी साडेनऊ बाय अकरा फूट असे सांगितले. मी माप सांगितले होते, त्यांनी तो होकार समजला. संध्याकाळी माझ्या दाराशी कुत्री, एक सतरंजी, एक वाटी आणि एक नोंदवही हजर. (नोंदवही पाहिल्यावर मी दार पूर्ण उघडले. तिच्यात रकाने होते.)

डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी बजावल्या. पहिली, तुम्ही धर्मशाळा आहात, घर नाही, जीव गुंतवायचा नाही. दुसरी, नाव ठेवायचे नाही, नाव नवी माणसे ठेवतील. गोदामात तिच्या पिंजऱ्याला सतरा नंबर होता, म्हणून मी तिला नियमाप्रमाणे सतरा म्हणतो. हाक मारली की ती येते, पण हे नाव नव्हे, नंबर आहे, हे मी तिला स्पष्ट केले आहे.

सतरा तपकिरी आहे. डावा कान उभा, उजवा पडलेला. मागचा डावा पाय कधीतरी मोडून आपोआप जुळलेला, त्यामुळे अर्धा इंच आखूड. चाल अगदी सावकाश, पण चालायची आवड दांडगी. आणि तिला एकाच गोष्टीची भीती होती, ती म्हणजे चष्मा. तिला कोणी, कधी, काय केले होते ते देव जाणे, पण चष्मा घातलेला चेहरा दिसला की ती पलंगाखाली जाऊन भिंतीला पाठ लावून थरथरत बसे. आता माझा विचार कर. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो, माझा स्वतःचा नंबर साडेपाच आहे, आणि ही बाई (डॉक्टरीणबाई, सतरा नव्हे) स्वतः चष्मा खिशात घालून आली होती, ते का, हे मला तेव्हा कळले नव्हते.

पहिले वीस दिवस मी घरात चष्म्याशिवाय राहिलो. चहात मीठ घातले. खुंटीवरच्या कोटाला "या, बसा" म्हणालो. घरमालक काकांना जिन्यात शिवणवाल्या बाई समजून, तुझ्याबद्दल म्हणून, गुडघे कसे आहेत असे विचारले. (त्यांनी सविस्तर सांगितले, म्हणून माझी चूक मला बऱ्याच उशिरा कळली.) पण त्याच वीस दिवसांत मी एक पद्धत बसवली. माझ्याकडे एक जुनी, एक काडी मोडलेली फ्रेम होती (कोणाची ते पुढे येईल). तिच्यातल्या काचा काढून ती मी सतराच्या वाटीपासून सहा फुटांवर ठेवली. रोज अर्धा फूट पुढे. नोंदवहीत रोजचे अंतर लिहिले. चौथ्या दिवशी ती जेवली नाही, म्हणून पाचव्या दिवशी पाऊण फूट मागे घेतली. अकराव्या दिवशी तिने फ्रेम हुंगली, पंधराव्या दिवशी तिच्यावर हनुवटी ठेवून झोपली. मग काचांसह. मग माझ्या हातात. मग माझ्या कपाळावर.

आणि एकविसाव्या दिवशी, सकाळी मी खाली बसून चपलेचा पट्टा लावत होतो, पूर्ण चष्मा नाकावर होता, तेव्हा सतरा पलंगाखालून आपणहून निघाली. थरथरत होती. मी हललो नाही. ती एक पाऊल येई, थांबे, परत एक पाऊल येई. शेवटी माझ्या तोंडासमोर उभी राहून तिने माझ्या उजव्या काचेला नाक लावले आणि तशीच राहिली. आत्या, मी धाडसी माणूस नाही, तुला माहीत आहे. दात काढायला जायचे होते तर मी तीन वर्षे उजव्या बाजूने जेवलो. एवढ्याशा जिवाने, ज्याची भीती वाटते त्यालाच नाक लावावे, हे मी कोणा माणसात पाहिलेले नाही. काचेवर नाकाचा ठसा उमटला तो मी दोन दिवस पुसला नाही. मी काचा साफ ठेवण्याचा पगार घेतो. मालकांनी विचारले, सूतभर, आज जग धुरकट आहे का रे. मी हो म्हणालो.

बाकी शिकवणे सोपे गेले, कारण ती माझ्यापेक्षा शिस्तीची निघाली. वाटी फरशीच्या रेघेला समांतर ठेवल्याशिवाय ती तोंड लावत नाही. मी चहा संपवून कप विसळल्याशिवाय दाराकडे जात नाही. मला वाटले, काय गुणाची आहे. हे गुण कोणाचे आहेत, हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवला नाही.

पाच आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी तिच्यासाठी माहितीचा कागद लिहायला सांगितला, कुत्रे घ्यायला येणारी माणसे तो वाचतात. पाच ओळी हव्या होत्या. मी चार पाने लिहिली. तिला ढेकर केव्हा येते, स्वप्नात कोणता पाय हलतो, सगळे. त्यांनी ती पाने शेवटपर्यंत वाचली (हे त्यांचे मोठेपण) आणि म्हणाल्या, "अहो, स्थळाचं पत्र लिहा, पंचनामा नको." मग त्यांनीच पाच ओळी लिहिल्या, आणि आठवड्यात दोन घरे चालून आली.

पहिले गायनमास्तर आणि त्यांच्या बाई. सोन्यासारखी माणसे. मास्तरांचा चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड, तरी सतराने शेपूट हलवली. मला इतका अभिमान वाटला की मी बाहेर जाऊन उभा राहिलो. तिला नेले आणि पाचव्या दिवशी डोळ्यांत पाणी आणून परत दिले. ती घरात सगळ्यांशी नीट वागे, जेवे, पेटीखाली झोपे, पण घराबाहेर पडायला तयार नसे. दोरी लावली, दार लावले, की उंबऱ्याशी खिळल्यासारखी बसे. ओढावे तर दीनवाणे तोंड करी. मग जे बाहेर व्हायचे ते पेटीवर झाले. दुसरे घर एका तरुण जोडप्याचे. त्यांचे दार नुसते लोटले की आपले आपण बंद होते. तिथून ती दोन दिवसांत आली. तिथेही तेच.

डॉक्टरीणबाई काळजीत पडल्या. दोनदा परत आलेली कुत्री तिसऱ्यांदा परत आली की मिटून जातात, म्हणाल्या, मग पिंजऱ्यात जेवतही नाहीत. (सतरा गोदामात आधीही जेवत नव्हती, म्हणून तर माझ्याकडे आली.) नेमके काय बिनसते ते बघायला त्या सकाळी माझ्या खोलीवर आल्या, कोपऱ्यात स्टुलावर बसल्या, आणि मला म्हणाल्या, मी नाही असं समजा आणि रोजच्यासारखे निघा.

मी रोजच्यासारखा निघालो. कप विसळला. दिव्याचे बटण, शेगडीचे बटण, नळ, परत शेगडीचे बटण. सतराला दोरी लावली. दार ओढले (डॉक्टरीणबाई आतच राहिल्या, हे माझ्या लक्षात आले, पण मी त्या नाहीत असे समजलो होतो). कुलूप लावले. सतरा खाली बसली. मी कुलूप एकदा ओढले. तिचा उभा कान हलला. दुसऱ्यांदा ओढले. पडलेला कान हलला. तिसऱ्यांदा ओढले आणि सतरा उठली, अंग झटकले, आणि जिना उतरायला लागली.

आतून खिडकीत डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. "कुत्रीत काहीही दोष नाही," त्या म्हणाल्या. "तिला तुम्ही शिकवलंय की तिसऱ्या ओढीपर्यंत घर बंद झालेलं नसतं. आता उघडा."

मी कुलूप उघडले आणि तिथेच पायरीवर बसलो. दोन महिने मी तिला माणसांत राहायची सवय लावत होतो आणि तिने सवय उचलली ती माझी. बरे, तिचे चुकले कुठे? जो माणूस आपल्यासाठी वीस दिवस आंधळा फिरला, तो तीनदा ओढतो तर त्यात काही अर्थ असणारच, असा तिने विचार केला असणार. माझ्यावर एवढा विश्वास आजपर्यंत कोणी टाकला नव्हता, आणि तोच तिला नडला.

मग आम्ही सवय मोडायचे ठरवले. फक्त एकदा ओढायचे आणि चालू लागायचे. पहिल्या दिवशी सतराला मी उचलून जिना उतरलो. कोपऱ्यापर्यंत पोचलो. तिथे तिने मान वळवून मागे पाहिले. मी पाहिले नाही. नळाचा विचार आला, मग शेगडीचा, मग कुलपाचा. पुढे दहा पावले गेलो असू, आणि मग दोघे एकदमच वळलो. कोण आधी वळले ते मी नोंदवहीत लिहिलेले नाही. परत येऊन दोनदा ओढले, पण मधे एवढा वेळ गेल्यावर आधीचे एक धरायचे की नाही हे कळेना. शेवटी पहिल्यापासून मोजले. सतराचे मत तेच पडले. हे आम्ही सहा दिवस केले. सातव्या दिवशी मालक म्हणाले, सूतभर, हल्ली उशीर होतो रे.

डॉक्टरीणबाईंनी विचारले, ही सवय तुम्हाला कुठून लागली. मी सांगितले की मला आत्याने वाढवले, ती रुग्णालयाच्या चादरींच्या कोठीवर बत्तीस वर्षे होती, चादरी तीनदा मोजायची आणि कुलूप तीनदा ओढायची. पहिली ओढ कुलपासाठी, दुसरी कडीसाठी, तिसरी आपल्या जिवासाठी, असे ती सांगायची. आणि बत्तीस वर्षांत तिच्या कोठीतून उशीचा अभ्रासुद्धा हरवला नाही. डॉक्टरीणबाईंनी ते फार कौतुकाने ऐकले आणि विचारले, त्या राहतात कुठे. मी त्यांना त्यांच्या नव्या काचेबद्दल विचारले.

आता अडचण अशी की माझी मुदत शनिवारी संपते. घरमालक काकांकडे मी लेखी अर्ज केला होता. त्यांनी नुसते "ठेव रे" म्हटले होते, अर्ज मागितलाही नव्हता. पण मी अर्जात "अमुक तारखेपर्यंत, साठ दिवस" असे लिहून खाली सही केली. आता त्यांची मुलगी रांगते बाळ घेऊन राहायला येते आहे, आणि काका तो अर्ज काढून दाखवतात आणि म्हणतात, तारीख तूच घातलीस रे बाबा. त्यांचे बरोबर आहे. शनिवारी जागा नसेल तर सतरा परत सतरा नंबरच्या पिंजऱ्यात जाईल.

म्हणून विनंती एवढीच की तुझ्या ओळखीत कोणी असेल तर सुचव. सावकाश चालणारे, शिस्तीचे, चष्मा असला तरी चालेल. दाराला कुलूप जुन्या पद्धतीचे हवे. ओढणारा माणूस मनापासून ओढणारा हवा, नुसता हात लावणारा नको, तिला फरक कळतो. घाई नाही. (शनिवारपर्यंत आहे.)

गुडघ्यांना जप. खाली उतरत जा.

तुझा भाचा

ता. क. तुझ्या ओळखीत असे कोणी नसेल हे मला माहीत आहे. माझ्याही ओळखीत एकच आहे.

ता. क. २. ती काडी मोडलेली फ्रेम तुझी. आठ महिन्यांपूर्वी दुरुस्तीला दिली होतीस आणि तू विचारतेस तेव्हा मी "काडी यायची आहे" असे सांगतो. काडी केव्हाच आली. फ्रेम मी दिली नाही कारण सतरा तिच्याशिवाय झोपत नाही. उजव्या कडेला थोडे दात उमटले आहेत, सूतभरच. पण त्याचा एक फायदा असा झाला आहे की या जगात तिला एका माणसाचा वास माझ्याआधीपासून ओळखीचा आहे, आणि ते माणूस तिने अजून पाहिलेले नाही.

ता. क. ३. (शनिवार, सकाळ. पेन्सिलीने लिहितो आहे, क्षमा कर, खाली टेकवायला फक्त नोंदवही आहे.) पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आले असेल. पत्र पोस्टाने आलेले नाही, दाराखालून सरकवले आहे. आम्ही दोघे तुझ्या जिन्यात वरून दुसऱ्या पायरीवर बसलो आहोत. पायऱ्या अकराच आहेत, सतराने एक-एक करून चढल्या आणि प्रत्येकीवर थांबून विचार केला. तुम्हा दोघींची चाल सारखी पडेल. सळई मी येताना बसवली. डॉक्टरीणबाईंनी निघताना विचारले, आत्यांना कळवलं का. मी म्हणालो, सविस्तर पत्र लिहिले आहे. हे खोटे नाही. आणि तू नेहमी म्हणतेस ना की बटण तुटल्याशिवाय मी येत नाही, तर ती यापुढे इथे राहिली तर मी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा येईन. तुझ्यासाठी. आणि वाटी समांतर आहे का ते बघायला.

ता. क. ४. दार उघडायचे नसेल तर उघडू नकोस. स्टुलाचे वाक्य तू बोलली आहेस आणि मी ते ऐकले आहे, माझा राग येणार नाही. फक्त माझ्या एका शंकेचे निरसन कर. पत्र वाचून झाले की नेहमीसारखी उठून आतली कडी नीट लागली आहे ना ते बघ. एकदाच किंवा दोनदाच ओढलीस तर आम्ही आवाज न करता खाली जाऊ. पण तिसऱ्यांदा ओढलीस तर सतरा उठेल, आणि त्यानंतर तिला परत खाली बसवणे मला अजून जमलेले नाही.